एकदाच विचारायचं

दुपारी दोन वाजता भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज येतो, "आहे का?" मग एक पुरुष म्हणतो, "आहे." त्यानंतर अर्धा तास काही नाही. अडीचला पुन्हा तेच. तीनला पुन्हा तेच.

उत्तर देणारा पुरुष कोण, हे मला माहीत होतं. ते आमचे शेजारी, गुंडेराव भालकीकर. कोडं होतं ते त्या बाईचं. त्यांच्या पत्नी कमलकाकू गेल्याला चार वर्षं होऊन गेली होती आणि त्यानंतर त्या घरात बाई अशी कोणी राहत नव्हती. सकाळी तासभर झाडूपोछाला यादम्मा यायची, पण ती तेलुगू बोलते आणि कुणाला काही विचारण्याच्या भानगडीत पडत नाही. तिने एक दिवस गुंडेरावकाकांचं काम सोडलं. माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "उस घर में मैं नै जाती, अम्मा. मैं झाडू मारती, पीछे से कोई पूछती."

मला भुताखेतांचं भय नाही. दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरात मी वीस वर्षं बोली इंग्रजी शिकवते आहे, त्यामुळे भयंकर असं ऐकायचं फारसं काही राहिलेलं नाही. सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच यांच्यामध्ये मी घरी येऊन आडवी होते. अंबरपेठेतली आमची ती गल्ली दुपारी अशी काही गप्प पडते की कूलरमधल्या पाण्याचा थेंब मोजता यावा. त्या शांततेत तो आवाज यायचा. स्पष्ट, गोड आणि अजिबात जीव नसलेला. उत्तर येईपर्यंत माझाही श्वास अडकायचा, हे आज कबूल करते.

आधी काका कोण ते सांगते. उंच, वाळलेले, पँट छातीपर्यंत ओढलेली आणि खिशात तीन पेनं, त्यांतलं एकही कधी कोणाला न दिलेलं. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. धरणांच्या नकाशांवर अक्षरं काढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यासाठी स्टेन्सिलची एक पट्टी असते, अक्षरांच्या आकाराची भोकं पाडलेली. भोकात पेन फिरवलं की अक्षर उमटतं, कालच्यासारखंच आज. काकांनी तरुणपणी नुमाइशीच्या जत्रेतून स्वतःसाठी तशी एक पितळी पट्टी घेतली होती आणि निवृत्त होताना खात्याचं सगळं खात्याला देऊन ही तेवढी घरी आणली. मग घरावरच नकाशा काढावा तसं सगळ्यावर लिहून काढलं. 'मीठ', 'हळद', 'कात्री', 'जुन्या चाव्या'. बाहेरच्या दारावर आतल्या बाजूने 'दार' असं लिहिलेलं आहे. मी विचारलं, हे दार आहे हे कळत नाही का? काका म्हणाले, "आज कळतंय. पुढचं कुणी सांगावं?" त्या घरात फक्त एकाच वस्तूवर काही लिहिलेलं नाही. तो कमलकाकूंचा फोटो.

निवृत्तीनंतर माणसं बागेत चालायला जातात. काका वेब अॅप्लिकेशनांची पॅकेजं करायला लागले. ते काय असतं, हे त्यांनी मला ज्या पद्धतीने समजावलं त्याच पद्धतीने सांगते. काही लोकांना आपले फोटो, आपल्या नोंदी, आपली पुस्तकं परक्या कंपनीच्या ताब्यात द्यायची नसतात. ते घरातच एक छोटं यंत्र ठेवतात आणि सगळं त्यावर चालवतात. अशा लोकांसाठी एक फुकटचं दुकान आहे. त्यातून हवं ते अॅप उचलायचं, एक बटण दाबायचं, की ते घरच्या यंत्रावर उभं राहतं. पण बटण दाबून उभं राहावं म्हणून आधी कुणीतरी ते नीट बांधून ठेवावं लागतं. हे कुणीतरी म्हणजे जगभरचे हौशी लोक, आणि त्यांच्यात अंबरपेठचे गुंडेराव.

"प्रत्येकासाठी नवं लिहीत बसायचं नाही," काका सांगत. "साचा एकच. रिकाम्या जागा भरायच्या, बास." नाव काय. दार कोणतं, म्हणजे कुठून आत जायचं. साठा कुठे, म्हणजे मरून पुन्हा उठलं तरी काय शिल्लक राहिलं पाहिजे. अवलंबून कोणावर, म्हणजे कोण आधी उठल्याशिवाय हे उठणार नाही. आणि शेवटी, जिवंत आहे हे ओळखायचं कसं. यंत्र थोड्या थोड्या वेळाने अॅपला हाक मारतं. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर किती वेळा विचारून मग मेलं म्हणायचं, तो आकडा तिथे लिहायचा.

मला हे सगळं कळलं याचं कारण काकांचं इंग्रजी. ते नकाशावरच्या अक्षरांसारखं होतं, सुवाच्य आणि निर्जीव. दुकानाचे तपासनीस दूर कुठल्याशा थंड देशात बसतात. काका त्यांना 'सुपरिंटेंडेंटसाहेब' म्हणत आणि त्यांना पाठवायची प्रत्येक ओळ माझ्याकडून तपासून घेत. लोकांची आभाराची पत्रंही मीच वाचून दाखवायची, दोनदा. कुणा शाळेने काकांच्या पॅकेजावर वाचनालय मांडलं होतं, कुणी बाई नवऱ्याच्या औषधांच्या वेळा त्यावर ठेवत होती. काका डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "हौ. चालायलंय म्हणजे."

पण साचा हातात आला की माणूस तो सगळीकडे लावून बघतोच. एक दिवस काकांनी मलाही त्यात बसवलं.

"नाव, उषा. दार, डावीकडचं. साठा?"

"पुस्तकं," मी म्हटलं.

"अवलंबून कोणावर?"

"कोणावर नाही."

"असं नसतंय, पोरी."

"माझं असंच आहे. सोडा रिकामं."

मी एकटी राहते आणि त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. काकांनी ती जागा रिकामी सोडली, पण तोंड असं केलं की जणू मी चहात मीठ घालायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला माझा फोन वाजायला लागला. "आहे का?" मी "आहे" म्हणायचं. फोन बंद. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकदा मी केस धूत होते. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळते तोवर दार धडाधडा वाजायला लागलं. दारात काका, आणि त्यांच्यामागे इस्त्रीवाला खाजा, हातात भलीमोठी पहार घेऊन. काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, "आहे," असं खाजाला सांगितलं आणि दोघं निघून गेले. मी जिन्यावरून ओरडले, "अहो, पुन्हा एकदा फोन करायचा ना!" काका न वळता म्हणाले, "एकदाच विचारायचं." खाजाने मात्र वळून बघितलं आणि हळूच म्हणाला, "परेशान नक्को हो, बाई. मेरे कू भी रोज पूछते."

यादम्माने काम सोडलं तेव्हा मी ठरवलं की हे त्या आवाजाचं एकदाचं विचारूनच घ्यायचं. दोनला पाच कमी असताना गेले. काकांचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असतं. आत काका खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसतात तसे. देवघराच्या खालच्या फळीवर, तिथे गार असतं म्हणून, एक काळी डबी होती आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. दोन वाजले. देवांच्या पायाशी कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "आहे का?"

"आहे," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बैस. चाय ठेवतो."

"ती कोण?"

"यंत्र आहे. मला विचारतंय."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. इतके दिवस मी समजत होते की काका घरात कुणाला तरी जपताहेत. उलट होतं. काकांनी स्वतःला साच्यात भरलं होतं. नाव गुंडेराव, आणि जिवंत आहे हे ओळखायचं कसं, तर दर अर्ध्या तासाने हाक मारून.

"आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर?"

"तर ती कळवते."

"कोणाला?"

"कळवायचं त्याला," असं म्हणून काका चहा बघायला उठले. घरी आले, यादम्माला सांगितलं की भूत नाही, डबी आहे. ती म्हणाली, "डब्बे में बैठी क्या?" आणि पुन्हा गेली नाही ती नाहीच.

मग मे महिन्यात सुपरिंटेंडेंटसाहेबांचं पत्र आलं. सभ्य होतं, पण कडक होतं. भालकीकरांच्या सगळ्या पॅकेजांत विचारण्याचा आकडा एक आहे. एकदा उत्तर आलं नाही की अॅप मेलं समजून यंत्र ते पाडतं आणि पुन्हा उठवतं. जुन्या, मंद यंत्रांवर ते डोळे चोळून उठेपर्यंत पुन्हा पाडलं जातं. लोक कंटाळले आहेत. सगळे तीन लिहितात. आठवड्याभरात तीन करा, नाहीतर तुमची सगळी पॅकेजं दुकानातून काढावी लागतील.

"लिही," काका म्हणाले. "रिस्पेक्टेड सर, वन इज करेक्ट."

"काका, साहेबांचं बरोबर आहे. एका आकड्यासाठी सगळं घालवणार?"

"वन इज करेक्ट."

"पण का?"

त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ते पत्र मी गुळमुळीत करून पाठवलं. उत्तर आलं, तेच. आठवडा संपत आला तसं काकांचं जेवण सुटलं. त्यांनी नकाशे सोडले तेव्हा त्यांच्याकडे पॅकेजं होती; पॅकेजं गेली तर त्या खुर्चीत बसून अर्ध्या अर्ध्या तासाने "आहे" म्हणण्यापलीकडे काय उरलं असतं? मला ते बघवेना. आणि थोडा रागही होता, ते खोटं कशाला बोलू. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय, असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी काका चहा करायला आत गेले. त्यांचा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, पत्र दुरुस्त करायला दिलेला. शेजारच्याच खिडकीत साचा उघडा होता. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करते आहे. मी एक खोडलं, तीन लिहिलं आणि पाठवून दिलं. एकाच साच्यातून सगळं निघत असल्यामुळे सगळ्या पॅकेजांत एकदम तीन झालं. काका कप घेऊन आले तेव्हा मी स्वल्पविराम बघत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे आभार आले. मी काकांना वाचून दाखवले. काका "हौ" म्हणाले. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. त्यानंतर एकदा सकाळी त्यांचा फोन माझ्याकडून उचलायचा राहिला. खाजा आला नाही, पहार आली नाही. थोड्या वेळाने फोनच पुन्हा वाजला. चला, माणूस सुधारला, असं मनात म्हणून मी खुशीत चहा घेतला.

तो गुरुवार होता. मी आडवी पडले होते. दोन वाजले आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "आहे का?"

उत्तर आलं नाही.

मी डोळे उघडले. औषधांच्या दुकानात गेले असतील, असं म्हटलं. पण झोप काही लागेना. कूलरचं पाणी टपटपत होतं. अडीचला आवाज आला, तितकाच गोड, "आहे का?" काही नाही. मी उठून बसले, पाय जमिनीवर टेकवले. आणि पुन्हा आडवी झाले. एवढं काय घाबरायचं, अजून एकदा विचारेल ना ती. तीनदा विचारायचं, हे मीच तर लिहिलं होतं; तिचाही साचा तोच.



तीन वाजता तिने तिसऱ्यांदा विचारलं. आणि लगेच माझ्या उशाशी फोन थरथरला. अनोळखी ठिकाणाहून निरोप होता. 'गुंडेराव: उत्तर नाही.'

कळवायचं त्याला, म्हणजे मला.

मी अनवाणी धावले. दार लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता, टेबलावरच्या चहावर साय धरली होती, हिरवा दिवा लुकलुकत होता. मीठ, हळद, कात्री, सगळं आपापल्या नावाखाली जागच्या जागी. फक्त काका नव्हते. मग मला ते ऐकू आलं. फार हळू, न्हाणीघराच्या बाजूने, ठराविक वेळाने. "आहे." थोडं थांबून, "आहे." पुन्हा, "आहे."

ते ओल्या फरशीवर पडले होते. खुब्याचं हाड गेलं होतं. बाहेर विचारलेलं त्यांना आत नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते तासभर न थांबता उत्तर देत राहिले होते. माझा चेहरा दिसल्यावर म्हणाले, "आहे म्हणायलो होतो. तिला ऐकू गेलं नाही."

खाजा आला, रिक्षा नको म्हणून त्याने कुणाची तरी व्हॅन आणली. ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी काका बोलण्यासारखे झाले तेव्हा मी खाटेजवळ स्टूल ओढलं. सांगितल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं.

"काका, ते तीन मी केलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कुणी काय बदललं ते सगळं दिसतंय त्यात. माझ्या नावाने होतं, पण त्या वेळी मी चाय करायलो होतो."

"मग परत एक का नाही केलं?"

मग त्यांनी सांगितलं. कमलकाकू आजारी होत्या तेव्हा काका आतल्या खोलीत पॅकेजं करत बसत. तिथूनच अर्ध्या अर्ध्या तासाने हाक मारत, "आहे का?" काकू बाहेरून म्हणत, "आहे." त्यावर दोघं हसतही. एका दुपारी उत्तर आलं नाही. "झोपली असेल म्हटलं. तेव्हा मीही तीनच लिहायचो. सगळेच तीन लिहितात. अजून दोनदा विचारू म्हटलं." मी पुढचं विचारलं नाही. मला ते माहीत होतं. मी स्वतः पाय जमिनीवर टेकवून पुन्हा आडवी झाले होते.

"मग तू तीन केलंस," काका म्हणाले. "म्हटलं, पोरीला तीन बरोबर वाटायलंय. असेल. माझंच मन बिघडलंय." आणि माझा हात थोपटला. पडले ते, आणि हात माझा थोपटत होते. मी तिथे रडले, दवाखान्यातल्या सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

काका वॉकर घेऊन घरी आले. साच्यात जगासाठी तीन राहू दिलं. काकांच्या घरच्या फाइलीत मात्र वेगळा आकडा लिहायचा होता. या वेळी त्यांनीच लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी त्यांची फाइल पहिल्यांदाच पूर्ण वाचली. नाव, गुंडेराव. दार, उजवीकडचं, दिवसा उघडं. साठा, एक फोटो. अवलंबून, उषा.

कोण आधी उठल्याशिवाय हे उठणार नाही. सकाळी साडेसहाचा फोन त्यासाठी होता. मी उठले आहे हे कळल्यावर काका आपला दिवस सुरू करत होते, आणि मी चिडचिड करत "आहे" म्हणून फोन ठेवत होते.

मी तीन खोडून एक लिहिलं. मग माझी फाइल उघडली. ती रिकामी जागा तशीच होती. तिथे मी लिहिलं, 'गुंडेराव भालकीकर', आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे फिरवला.

काकांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग मान हलवली.

"हे चालत नाही."

"का?"

"मी तुझ्यावर, तू माझ्यावर. यंत्र म्हणतं, आधी कोण? ते कुणालाच उठवत नाही. दोघंही पडून राहतात."

"मग?"

काकांनी लॅपटॉप मिटला. वॉकर धरून उठले, कपाटातून ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा, शाईचं पेन आणि ती पितळी पट्टी घेऊन आले. हात थरथरत होता, पण पेन पट्टीच्या भोकात शिरलं की स्थिर व्हायचा. एकेक अक्षर करत त्यांनी माझी सगळी फाइल कागदावर उतरवली. नाव, दार, साठा. शेवटच्या ओळीत 'अवलंबून' काढून त्यापुढे स्वतःचं नाव काढलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला.

"हे घरात ठेव," ते म्हणाले. "यंत्राला सांगू नक्को."

तेवढ्यात साडेचार झाले आणि देवघरातून तिने विचारलं, "आहे का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं.